लांब नावाला अडखळणारं यंत्र

एका शहराच्या कडेला, उसाची शेतं संपतात आणि गोदामं सुरू होतात तिथे, अस्लम मुजावर यांची एक छोटी कंपनी होती. लहान गावांतल्या दवाखान्यांना परवडतील अशी सोनोग्राफीची यंत्रं ती कंपनी बनवायची. यंत्र साधं होतं, पण त्याला एक गोष्ट यायची, जी महागड्या यंत्रांना यायची नाही. पडद्यावर पेशंटचं पूर्ण नाव मराठीत दिसायचं. मुजावर साहेबांना त्याचा फार अभिमान होता.

पोटातलं चित्र पडद्यावर काढायला यंत्रात एक चिप असते. काय काढायचं, कुठून आणायचं आणि कधी पुसायचं हे त्या चिपला सांगणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. चिपच्या अगदी जवळ एक लहानशी जागा असते, तिचं नाव कॅशे. सारखं लागणारं सामान चिप तिथे आणून ठेवते, म्हणजे दर वेळी लांबच्या मोठ्या साठ्यापर्यंत जावं लागत नाही. घरात मिसळणाचा डबा ओट्यावर असतो आणि बाकीचं सामान कोठीत असतं, तसंच हे. भानगड एवढीच की कोठीतला माल बदलला आणि डब्यात जुनाच राहिला, तर भाजीत जुनाच पडतो. म्हणून माल बदलला की डबा रिकामा करून पुन्हा भरावा लागतो.

कंपनीत हा ड्रायव्हर लिहिणारे वामनराव पोंक्षे होते. वयाने आणि मानाने सर्वांत मोठे. पहिलं यंत्र तयार होत होतं तेव्हा एकदा पडद्यावर विचित्र प्रकार झाला होता. नव्या चित्राच्या कोपऱ्यात आधीच्या चित्राची एक पट्टी तशीच राहिली होती. यंत्र बाहेर गेलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. पण वामनराव घाबरले. एका बाईच्या पोटावर दुसरीचं चित्र दिसलं तर काय होईल, या विचाराने त्यांचं जेवणात लक्ष लागेना. कारण शोधून सापडलं नाही. तेव्हा त्यांनी एके ठिकाणी कॅशे रिकामी करायची सूचना टाकली. पट्टी गेली नाही. त्यांनी दुसरीकडे टाकली, तिसरीकडे टाकली. कधीतरी पट्टी गेली. कुठल्या सूचनेने गेली ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी सगळ्याच राहू दिल्या.

त्यानंतर त्यांनी ऑफिसात नियम घातला. शंका आली की रिकामं करायचं. रेघ काढण्याआधी रिकामं करायचं, काढल्यावर रिकामं करायचं. चुकीचं चित्र पुन्हा कधी दिसलं नाही. त्यामुळे नियम बरोबर आहे, असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि जो तो आपल्या कामात दोन-चार सूचना आणखी टाकत गेला.

त्या शहरापासून बरंच दूर, जिथे मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात अशा कोरड्या भागात, डॉक्टर कमल थोरबोले यांचा दवाखाना होता. त्यांनी हे यंत्र घेतलं होतं. एक दिवस त्यांचा फोन आला.

"बाळाचं हृदय मधेच थांबल्यासारखं दिसतं," त्या म्हणाल्या. "काहींचंच. सगळ्यांचं नाही."

वामनरावांना वाटलं, तिकडे विजेचा दाब कमी-जास्त होत असणार. कंपनीने स्टॅबिलायझर पाठवला. काही फरक पडला नाही. मग मुजावर साहेबांनी पदरचे पैसे घालून जास्त वेगवान चिप बसवलेलं यंत्र पाठवलं. तरीही काहींची चित्रं सरळ चालायची, काहींची अडखळायची. ऑफिसात तसंच यंत्र दिवसभर चालवून पाहिलं, तर ते एकदाही अडखळलं नाही. डॉक्टरबाईंचा हातच हलत असेल, असं एकजण म्हणाला. कुणालाच काही उमगत नव्हतं.

मग अन्नपूर्णेचं प्रकरण झालं. अन्नपूर्णा मल्लिकार्जुन पट्टणशेट्टी ही पहिलटकरीण होती. डॉक्टरबाईंनी कानाला नळी लावली, ठोके नीट होते. पडद्यावर पाहिलं तर हृदय एकदा उघडायचं आणि तसंच राहायचं, मग एकदम दोन ठोके पुढे गेलेलं असायचं. कानांवर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, ते त्यांना कळेना. धोका नको म्हणून त्यांनी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. घरच्यांनी जीप केली. तिची सासू गंगव्वा सगळी वाट तिचा हात धरून बसली होती. मोठ्या दवाखान्यातल्या यंत्रावर बाळाचं हृदय घड्याळासारखं चालत होतं. काही दोष नाही म्हणून त्यांना परत पाठवलं.

डॉक्टरबाईंना रडायला यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी ज्यांची चित्रं अडखळली होती त्या सगळ्या बायका आठवून पाहिल्या. वय वेगळं, महिना वेगळा, गाव वेगळं. एकच गोष्ट सारखी निघाली. त्यांनी फोन लावला.

"हसू नका," त्या मुजावर साहेबांना म्हणाल्या. "ज्यांची नावं लांब आहेत, त्यांचीच चित्रं अडखळतात."

मुजावर साहेब हसले नाहीत. पण फोन ठेवल्यावर त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. ऑफिसात मात्र दिवसभर हसू चाललं होतं. एकटे वामनराव हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई दमल्या आहेत. दमलं की माणसाला कशाचाही संबंध कशाशीही दिसतो."

तिकडे गावात कुणी हसत नव्हतं. ही गोष्ट दवाखान्यातल्या नर्सच्या तोंडून बाहेर गेली होती, आणि आठवड्याच्या बाजारात ती हातोहात पसरली. लांब नावाच्या बाईचं बाळ कमकुवत निघतं, असं लोक बोलू लागले. कुणी आपल्या सुनेचं नाव बदलायचं ठरवलं. कुणी दवाखान्यात जायचंच बंद केलं.

मुजावर साहेबांनी वृंदा खटावकर या त्यांच्याकडच्या इंजिनिअर मुलीला तिकडे पाठवलं. वृंदा हुशार होती आणि थोडी उतावळीही होती. जाताना तिची खात्री होती की तासाभरात वायर सैल असल्याचं सापडेल.

दवाखान्यात पोचल्यावर तिने सगळ्या वायरी पाहिल्या. एकही सैल नव्हती. तेवढ्यात उमा मोरे नावाची बाई तपासणीला आली. तिच्या बाळाचं हृदय सरळ चाललं होतं. तिच्यामागून अन्नपूर्णा आली. गंगव्वा बरोबर होतीच. डॉक्टरबाईंनी नाव टाईप केलं, पोटावर यंत्राचा हातात धरायचा प्रोब टेकवला, आणि वृंदाच्या डोळ्यांदेखत चित्र अडखळलं. थांबलं, उडी मारून पुढे गेलं, पुन्हा थांबलं.

वृंदाने प्लग बदलला. काही झालं नाही. तिने यंत्र बंद करून चालू केलं. तरी तसंच.

अन्नपूर्णा पडल्या पडल्या तिच्याकडे पाहत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, माझं नाव बदललं तर होईल का नीट? घरी मला अनू म्हणतात. अनू लिहा."

नावाने काही होत नसतं, असं वृंदाच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. तिने पूर्ण नाव पुसलं आणि अनू असं लिहिलं. चित्र सरळ चालू लागलं.

गंगव्वाने हात जोडले. "बघा," ती म्हणाली. "मी म्हणतच हुते. नावच वाईट हाय."

वृंदाला कानकोंडं झालं. गावातली अफवा खोटी पाडायला ती आली होती, आणि तिच्याच हाताने ती खरी ठरली होती. आपण शिकलो ते सगळं चुकलं की काय, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

उमा मोरे बाहेर बाकावर नवऱ्याची वाट पाहत बसली होती. वृंदाने तिला विनंती करून पुन्हा आत बोलावलं. उमाच्या पोटावर प्रोब टेकवला आणि पडद्यावर नाव लिहिलं अन्नपूर्णेचं. चित्र अडखळलं.

"म्हंजे हिचं नाव दुसरीच्या पोटालाबी बाधतंय," गंगव्वा म्हणाली, आणि सुनेपासून जराशी बाजूला सरकली. अन्नपूर्णेने ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

ते पाहून वृंदाला स्वतःचा राग आला. तिने ते नाव पुसलं आणि क हे एकच अक्षर दाबून धरलं. क, क, क, असे क पडद्याच्या टोकापर्यंत गेले. त्याला काही अर्थ नव्हता. ते कुणाचंही नाव नव्हतं. तरी चित्र अडखळलं, आधीपेक्षाही जास्त.

"नाव नाही," वृंदा म्हणाली. "अक्षरं. जितकी अक्षरं जास्त, तितकं जास्त अडखळतं."

"अक्षरांनी हृदयाला काय होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हृदयाला काही होत नाही. पडद्याला काहीतरी होतं. काय होतं ते मला माहीत नाही, मॅडम."

"तोवर मी काय करू?"

"तोवर नाव लहान लिहा. पहिलं अक्षर तेवढं लिहा."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. गंगव्वाला तर काहीच पटलं नव्हतं. ती सुनेला घेऊन निघून गेली आणि जाताना दारात म्हणाली, "अमावस्येनंतर नाव बदलू."

वृंदा परत आली आणि ड्रायव्हर उघडून बसली. अक्षर काढायच्या जागी तिला दिसलं ते असं. एक अक्षर काढायच्या आधी कॅशे रिकामी होत होती. काढून झाल्यावर पुन्हा रिकामी होत होती. जोडाक्षर असलं की त्याच्या प्रत्येक तुकड्याला तेच. चिप बिचारी सगळं सामान जवळ आणायची, एक रेघ काढायची आणि सगळं टाकून द्यायची. पुन्हा लांबच्या साठ्याकडे जायची, तेच सामान आणायची, पुढची रेघ काढायची. चिप कितीही वेगवान असली तरी तिचा वेळ आणण्यातच जायचा. पट्टणशेट्टी लिहून होईपर्यंत बाळाचं हृदय पुढे निघून गेलेलं असायचं. आणि ऑफिसात तपासणीसाठी पेशंटचं नाव कायम "अ ब" असं टाकलेलं असायचं, त्यामुळे तिथे कधी काही दिसलं नाही.

वृंदा वामनरावांकडे गेली. "सर, बाई दमलेल्या नव्हत्या," ती म्हणाली.

वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण जुनं राहिलं तर? तू ते पाहिलेलं नाहीस. मी पाहिलं आहे."

"जुनं राहायला काहीतरी बदलायला तर हवं, सर. इथे अक्षरच काढायचं आहे."

"तुला खात्री आहे?"

वृंदाला खात्री नव्हती, पण अन्नपूर्णेचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. "आहे," ती म्हणाली. आणि जागेवर जाऊन तिने अक्षरांच्याच नव्हे, सगळ्याच रिकामं करायच्या सूचना काढून टाकल्या.

यंत्र सुरू करून त्यावर साठवलेलं एका बाळाचं चित्र लावलं. सगळ्यांत लांब नाव टाकलं. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. ऑफिसातले सगळे जमले. मुजावर साहेबांनी वृंदाची पाठ थोपटली आणि म्हणाले, "आत्ताच पाठवा डॉक्टरबाईंना."

वामनराव मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, एकामागून एक दोन पेशंट घेऊन पाहू या. मग पाठवा."

पहिलं नाव पट्टणशेट्टींचं टाकलं. मग पेशंट बदलला, दुसऱ्या बाळाचं साठवलेलं चित्र लावलं आणि उमा मोरे असं टाकलं. पडद्यावर उमा मोरे दिसलं आणि त्याच्या पुढे, थोडं पुसट, शेट्टी असंही दिसलं. खाली चित्राच्या कडेला आधीच्या बाळाच्या डोक्याची एक कड तशीच राहिली होती.

हा ड्रायव्हर अर्ध्या तासापूर्वी रवाना झाला असता, तर एका बाईच्या चित्रात दुसरीचं बाळ दिसलं असतं.

वामनरावांनी टोमणा मारला नाही. ते एवढंच म्हणाले, "सगळं परत घाल."

मुजावर साहेब खुर्चीत बसले. "मला कुणीतरी समजावून सांगा," ते म्हणाले. "रिकामं केलं तर चित्र अडखळतं. नाही केलं तर चुकतं. मग मी लोकांना विकतोय तरी काय?"

"नावं लहान लिहायला सांगू," वामनराव म्हणाले. "हळू चाललं तरी चालेल. चूक नको."

तसंच ठरत होतं. पण तेवढ्यात डॉक्टरबाईंचाच फोन आला. त्यांचा आवाज थंड होता. दवाखान्यात त्या दिवशी अ नावाच्या दोघी आल्या होत्या. एकीचं चित्र दुसरीच्या फाईलला लागलं. एकीला तिसरा महिना होता आणि दुसरीला आठवा, म्हणून चूक लगेच ध्यानात आली. दोघींना एकच महिना असता तर आली नसती.

"मला पूर्ण नाव हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर यंत्र परत घेऊन जा."

फोन संपला. आता मागे जायला वाट नव्हती आणि पुढची दिसत नव्हती. वृंदाला वाटत होतं की आपण उठून निघून जावं. वामनरावांनाही बहुतेक तसंच वाटत होतं. तरी वृंदा खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली.

"सर, आपण एकेक जागा पाहू या," ती म्हणाली. "मी काढायचं म्हणणार नाही. तुम्ही ठेवायचं म्हणू नका. इथे काय बदललं, एवढंच विचारू."

पहिली जागा उघडली. यंत्र तिथे मोजमापाची पट्टी काढत होतं.

"इथे काय बदललं, सर?"

"काही बदलत नसेल. पण बदललं तर?"

"कोण बदलेल?"

वामनरावांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते सांगता येत नाही," ते म्हणाले.

"मग इथे कशासाठी घातलं होतं?"

ते उठून चहा प्यायला गेले. वृंदाला वाटलं, आता परत येणार नाहीत. पण आले. बसले. आणि हळूच म्हणाले, "मला कारण ठाऊक आहे, असं मी सगळ्यांना वाटू दिलं. मला ठाऊक नव्हतं. भीती वाटली म्हणून घातलं."

"मी सगळं काढलं तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "राग आला म्हणून काढलं."

त्यानंतर काम सोपं झालं असं नाही. उलट ते फार किचकट निघालं. एका जागेचं उत्तर सापडलं की दुसरीचं आधीचं उत्तर खोटं ठरायचं. कित्येकदा दोघं एकमेकांकडे नुसती पाहत बसायची. चित्र सरळ चालतं आहे ते बरोबर असल्यामुळे की योगायोगाने, हेही कधी कधी कळायचं नाही. तपासणीसाठी वृंदाने आता गावातल्या बायकांच्या नावांसारखी लांबलांब नावं घेतली होती आणि पेशंट सारखे बदलत ठेवले होते.

हळूहळू थोडं थोडं दिसू लागलं. अक्षरांचे आकार एकदा तयार झाले की ते बदलत नव्हते. चिप ते फक्त पाहत होती. नुसतं पाहिल्याने काही शिळं होत नाही. तिथल्या सगळ्या सूचना निरर्थक होत्या. मोजपट्टीचंही तेच, कडेच्या चौकटीचंही तेच. पण पेशंट बदलला की नाव नव्याने लिहिलं जात होतं. आणि पोटातलं नवं चित्र येऊन पडलं की तेही नव्याने लिहिलं जात होतं. तिथे रिकामं करणं भागच होतं. वामनरावांनी पूर्वी पाहिलेली जुन्या चित्राची पट्टी तिथलीच होती. त्यांची भीती खोटी नव्हती. ती फक्त सगळीकडे पसरली होती.

एक जागा मात्र शेवटपर्यंत दोघांना उलगडली नाही. ती सूचना काढली तरी काही बिघडत नव्हतं, ठेवली तरी फरक पडत नव्हता. वामनराव म्हणाले, "राहू दे." वृंदा म्हणाली, "राहू दे, पण शेजारी लिहा की कळलं नाही." त्यांनी तसं लिहिलं. वामनरावांनी असं काही लिहिण्याची ती पहिलीच वेळ होती.

नवा ड्रायव्हर घेऊन या वेळी वामनराव स्वतः गेले, वृंदाही बरोबर होती. डॉक्टरबाईंनी अन्नपूर्णेला आणि उमाला निरोप पाठवला होता. दोघी आल्या, पण गंगव्वा दारातच उभी राहिली.

"पूर्ण नाव लिहू ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वामनरावांनी मान डोलावली, पण त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला होता.

डॉक्टरबाईंनी अन्नपूर्णा मल्लिकार्जुन पट्टणशेट्टी असं सगळं नाव लिहिलं. प्रोब पोटावर टेकवला. बाळाचं हृदय उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. मधे कुठे थांबलं नाही. मग त्यांनी उमा मोरेचं नाव टाकलं आणि शेजारच्या पलंगावरच्या उमाला तपासलं. तिच्या चित्रात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. पुन्हा अन्नपूर्णेचं नाव टाकलं. पुन्हा तेच शांत ठोके.

अन्नपूर्णा पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं.

गंगव्वा आत आली आणि वामनरावांसमोर उभी राहिली. "काय झालं हुतं ह्याला?" तिने यंत्राकडे बोट करून विचारलं.

वामनरावांनी सांगायचा प्रयत्न केला. चिप, साठा, जवळची जागा, पुन्हा पुन्हा रिकामं करणं. गंगव्वा ऐकत होती. तिला बरंचसं कळलं नाही, पण ती मधे बोलली नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजे यंत्र घाबरत हुतं व्हय? जवळचं टाकून देत हुतं, काय वंगाळ ऱ्हाईल म्हणून?"

"यंत्र नाही, अक्का," वामनराव म्हणाले. "मी घाबरत होतो. यंत्र मी सांगितलं तसं करत होतं."

गंगव्वाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावली असं वाटलं नाही, पण हसलीही नाही.

"मग कुणाला तरी इचारायचं न्हाई का?" ती म्हणाली. "आम्ही पोरीचं नाव टाकून द्याय निघालो हुतो."

वामनरावांनी मान खाली घातली. गंगव्वा पलंगाजवळ गेली, सुनेच्या डोक्याखालची उशी नीट केली आणि तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारून म्हणाली, "अन्नपूर्णा, ऊठ आता. घरी जाऊ."

तात्पर्य एवढंच: काय बदललं हे न पाहता भीतीपोटी सगळं टाकून देणं म्हणजे सावधपणा नव्हे, आणि ते न पाहता रागाने जुनं सगळं तसंच राहू देणं म्हणजे धीटपणा नव्हे. आधी विचारावं, मग जे खरोखर बदललं असेल तेवढंच टाकावं.